एका डिग्रीला एक मैल

कोंडीराम गमरे नेमकं काय काम करतो, हे परळच्या त्याच्या चाळीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. गिरणीत जाणाऱ्याचं सोपं असतं. साच्यावर आहे, वाइंडिंगला आहे, बॉयलरवर आहे, एवढं म्हटलं की ऐकणारा समजून मान हलवतो. कोंडीराम मात्र सकाळी खाकी पँट चढवून, डबा काखेला मारून पायी अँटॉप हिलच्या बाजूला चालू लागायचा आणि संध्याकाळी गेला तसाच परत यायचा. हाताला तेल नाही, केसांत कापूस नाही. विमान खात्यात आहे, एवढंच लोक एकमेकांना सांगत.

खालच्या मजल्यावरच्या गुणाजीनं एकदा नळावर गाठून विचारलंच. "कोंडीराम, तू इमान चालवतंस काय रे?"

"नाय रे. मी त्यांना सांगतो, तुम्ही कुठं आहात ते."

"आँ? त्यांचं त्यांना कळत नाय?"

"ढगात गेल्यावर नाय कळत."

गुणाजीला वाटलं हा आपली टर उडवतोय. कोंडीराम बादली उचलून चालता झाला. पण जिना चढताना त्याला स्वतःलाच त्या वाक्याचं नवल वाटलं. आभाळात हजारो हात उंच उडणारं, शे-दीडशे मैलांवर असलेलं, डोळ्यांना न दिसणारं यंत्र. आणि ते कुठं आहे हे परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसानं सांगायचं. नोकरीला सात वर्षं झाली होती, तरी ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडली नव्हती.

तो मूळचा दापोलीकडचा. गावच्या शाळेत त्याला आणि त्याच्या वाड्यातल्या पोरांना पडवीत बसवत. पडवीतून फळा दिसायचा नाही. मास्तर बोलतील ते ऐकायचं आणि त्यावरून फळ्यावर काय असेल ते ताडायचं. पुढं बाप परळला गिरणीत लागला, लढाई आली, कोंडीराम पलटणीत भरती झाला. तिथं त्याचे तिखट कान पाहून त्याला वायरलेसच्या शिक्षणाला जबलपूरला धाडलं. तिथंच एका पंजाबी हवालदारानं त्याच्या कानाला हेडफोन लावला, हातात एक चाक दिलं आणि म्हणाला, "घुमाव."

दूर कुठंतरी कुणीतरी आकडे म्हणत होतं. कोंडीरामनं चाक फिरवलं तसा तो आवाज ओसरू लागला, आणखी फिरवलं तसा पुसट झाला, आणि एका जागी आवाज अगदी बुजून गेला. केसाएवढं चाक पुढं सरकवलं की पुन्हा उगवला. मागं आणलं की पुन्हा बुजला.

"जिथं ऐकू येत नाही, तिथं तो आहे," हवालदार त्याच्या हिंदीत म्हणाला. "मोठा आवाज फसवतो. मोठा आवाज चहूकडं पसरलेला असतो. मुका होतो तो एकाच जागी."

कोंडीरामच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. त्यानंतर हजारो वेळा त्यानं ते चाक फिरवलं असेल, पण दर वेळी आवाज बुजायच्या क्षणी त्याचा श्वास आपोआप थांबायचा.

लढाई संपली, तो सुटून आला आणि विमान खात्यात चिकटला. अँटॉप हिलच्या पायथ्याला, मिठागरांच्या कडेला, मोकळ्या जागेवर चार उंच खांब होते आणि त्यांच्या मधोमध एक बैठी खोली. खोलीत यंत्र, यंत्राला चाक, चाकाखाली उत्तरेपासून मोजलेल्या तीनशे साठ डिग्र्या कोरलेली पितळी चकती. विमानातला माणूस रेडिओवर बोलू लागला की चाक फिरवायचं, आवाज बुजेल ती डिग्री वाचायची आणि त्याला कळवायची. चकतीवर आवाज समोरासमोर दोन जागी बुजतो, म्हणून खरी बाजू ओळखायला एक वेगळी कळ होती. सगळं मिळून वीस सेकंदांचं काम. पण ते बरोबर झालं तर ढगात चाचपडणाऱ्या माणसाला रस्ता सापडायचा.

या रेडिओ ठाण्यावरचे साहेब रमाकांत विजयकर. गिरगावचे, सडपातळ, पांढऱ्या शर्टाची बाही दोनदा दुमडणारे, बोलायला तोलून मापून. पहिल्याच दिवशी त्यांनी कोंडीरामला एक हिशेब सांगितला होता. "गमरे, साठ मैलांवर एक डिग्रीची चूक म्हणजे एक मैलाची चूक. दोन डिग्र्या, दोन मैल. आपण इथं खुर्चीत बसून सुईच्या अग्राएवढं चुकतो, तो तिकडं अख्खं गाव चुकतो. एवढं ध्यानात ठेवा, बाकी तुम्हाला सगळं येतं."

कोंडीरामनं ते नुसतं ध्यानात ठेवलं नाही, तो ते घेऊन जगू लागला. हात सरळ लांब केला तर करंगळीची रुंदी साधारण एक डिग्री भरते, हे त्यानं स्वतः मापून काढलं. चाळीच्या गॅलरीत उभा राहून तो करंगळीआड गिरणीची चिमणी झाकायचा. बायको राधा शेजारी यायची आणि विचारायची, "काय करताव?"

"ती चिमणी बघ. करंगळीआड गेली ना? एवढी चूक झाली तर साठ मैलांवर विमान एक मैल बाजूला."

राधा स्वतः वाइंडिंगला होती. तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारी. तिनंही हात लांब केला, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "माझी करंगळी बारीक हाय. माझं विमान कमी चुकंल."

प्रत्येक दिशा सांगताना ती कितपत भरवशाची आहे तेही सांगायचा नियम होता. दोन डिग्र्यांच्या आत असेल तर पहिला वर्ग, पाचच्या आत दुसरा, त्यापुढं तिसरा. कित्येकांना तिसरा वर्ग सांगायची लाज वाटे. कोंडीरामला नाही. आभाळात कडकडाट असला, आवाज नीट बुजत नसला, की तो सरळ सांगायचा: तिसरा वर्ग, माझ्यावर फार विसंबू नका. त्यामुळं झालं असं, की गमरे पहिला वर्ग म्हणाला तर वैमानिक डोळे झाकून तेवढं वळत.

१९५६ साल उजाडलं ते गोळीबारानं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हटल्यावर परळ, लालबाग, गिरगाव, सगळीकडं आग भडकली. जानेवारीत कोंडीरामच्या गल्लीच्या तोंडाशी अश्रुधूर फुटला, पलीकडच्या चाळीतला एक तरणा माणूस गोळी लागून गेला. राधा मोर्च्यांना जाऊ लागली. कपाळाला रुमाल बांधून, पदर खोचून, गिरणीतल्या बायांच्या पुढं. कोंडीरामला जाता येत नव्हतं; सरकारी नोकर, तोही केंद्राचा. राधा घोषणा देऊन घसा बसवून घरी यायची, तो तिला गूळपाणी द्यायचा. ती त्याला कधी टोचून बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तुमचं काम आभाळातलं. आमचं रस्त्यातलं."

त्या दंगलीनंतर वरून हुकूम आला की ठाण्याला कुंपण घाला, जमाव येऊन मोडतोड करील. फेब्रुवारीत लोखंडी खांब रोवले गेले आणि खोलीभोवती काटेरी तारेचे सहा पदर घट्ट गोल ताणले गेले. कोंडीराम ते बघत उभा होता.

"कोण येणार हो इथं, साहेब? बगळे?"

विजयकर हसले नाहीत. गिरगावात त्यांच्या दारापुढंही गोळी लागून माणूस पडला होता. "हुकूम आहे, गमरे," एवढंच ते म्हणाले.

मार्चमध्ये कोंडीरामला पहिल्यांदा खुटखुटलं. पुण्याकडून येणारं एक विमान बोललं, "मी कर्जतवर आहे, खाली स्टेशन दिसतंय." हवा स्वच्छ होती. अँटॉप हिलवरून कर्जत एकशे चार डिग्रीवर. आणि त्याच्या चाकावर आवाज बुजला होता एकशे नऊवर. पाच डिग्र्या, कर्जतपाशी त्याचे अडीच मैल होतात. त्यानं पुन्हा फिरवलं. एकशे नऊ. दुसऱ्या दिवशी दुसरं विमान, तीच गोष्ट. उत्तरेकडून, डहाणूच्या बाजूनं येणाऱ्यांचा मात्र आकडा चोख.

त्यानं आठ दिवसांत आठ विमानांचं टिपण केलं आणि साहेबांपुढं ठेवलं. विजयकरांनी चष्मा वर सरकवून वाचलं.

"वैमानिकाला गाव ओळखण्यात चूक होऊ शकते, गमरे."

"आठांची? एकाच बाजूला?"

"मग तुमचा कान?"

कोंडीरामनं टिपणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. पण घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. कानच गेला असेल तर? गिरणीत साच्यांच्या खडखडाटानं बहिरी झालेली माणसं त्यानं रोज बघितली होती. आपल्यालाही तसं काही होतंय का? राधा खोलीच्या दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत होती. सुपात खडा पडला. कोंडीराम डोळे मिटून म्हणाला, "खडा. डाव्या बाजूला पडला." राधानं सूप बघितलं. "डाव्या."

"मग कान शाबूत हाय," तो म्हणाला. "कुंपण खोटं बोलतंय."

राधानं हातातलं सूप खाली ठेवलं. "कुंपण कसं बोलंल?"

"तार नुसती तार नसते गं. विमानाचा आवाज येतो तो तारेतही शिरतो, गोल फिरतो, आणि तार तोच आवाज परत बाहेर टाकते. यंत्राला मग दोघं ऐकू येतात. एक विमान, एक कुंपण. आवाज बुजायचा तिथं बुजत नाही, जरा बाजूला बुजतो."

"मग दाखवा साहेबाला."

दाखवायचं कसं, तेही तिथंच होतं. ठाणं बांधलं तेव्हा मोजणीदारांनी खोलीपासून दीडशे पावलांवर गोलाकार छत्तीस खुंट्या ठोकल्या होत्या, दर दहा डिग्रीला एक. छोटा रेडिओ घेऊन कुणी त्या खुंटीवर उभं राहून बोलायचं आणि आतल्यानं चाक फिरवून बघायचं. खुंटीची डिग्री आणि चाकाची डिग्री जुळली तर यंत्र खरं. विजयकरांनी परवानगी दिली, पण माणूस द्यायला नव्हता. दंगलीपासून निम्मी माणसं दुसरीकडं हलवली होती.

"माझी बायको येईल," कोंडीराम म्हणाला.

विजयकरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख बघितली. मग म्हणाले, "रविवारी या. मीही येतो."

एप्रिलचा रविवार. राधा नऊवारीचा काष्टा घट्ट मारून आली. छोटा रेडिओ छोटा कसला, चांगला दहा-बारा शेर वजनाचा पेटारा. तिनं तो डोक्यावर चुंबळ ठेवून उचलला आणि बोलायचा भोंगा हातात घेतला. अर्ध्या खुंट्या झुडपांत, अर्ध्या मिठागराच्या चिखलात. ती एकेक शोधत, पाय उपसत चालली. खुंटीवर पोचली की थांबायची आणि भोंग्यात एक ते दहा आकडे म्हणायची.

आत खोलीत कोंडीरामनं कानाला हेडफोन लावले. आणि त्याच्या कानात राधा बोलू लागली.

तो हे विसरूनच गेला होता, की आज येणारा आवाज ओळखीचा असेल. इतकी वर्षं परक्या माणसांचे आवाज त्यानं बुजवले होते. आज चाक फिरवलं आणि घरचा आवाज, चुलीपुढून येणारा, घोषणांनी बसलेला तो आवाज हळूहळू लांब गेला आणि नाहीसा झाला. मग लगेच कळलं की ती हरवली नाही, सापडली. त्याच बाजूला, बरोबर तिथंच, चिखलात दोन पाय रोवून ती उभी आहे. खिडकीतून न बघता तो तिच्याकडं बोट दाखवू शकला असता.

"शून्य," तो म्हणाला. विजयकरांनी कागदावर लिहिलं. उत्तरेच्या खुंट्या चोख आल्या. दहाला दहा, वीसला वीस. साठच्या पुढं आकडे सरकायला लागले. ऐंशीला ब्याऐंशी. नव्वदला चौऱ्याण्णव. शंभरच्या खुंटीला एकशे पाच.

विजयकरांची पेन्सिल थांबली. ते उठून खिडकीशी गेले, बाहेर राधाला बघितलं, चकतीकडं बघितलं.

"पुन्हा घ्या."

कोंडीरामनं हात हलवून खूण केली. राधानं पुन्हा एक ते दहा म्हटलं. एकशे पाच. मग बहुधा तिला कंटाळा आला असावा. दहानंतर क्षणभर थांबून ती भोंग्यात खणखणीत ओरडली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

कोंडीरामच्या हातून चाकच सुटलं. केंद्र सरकारच्या रेडिओवर! त्यानं चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. साहेबांच्या कानाला हेडफोन नव्हते, पण त्याच्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं.

"काय म्हणाल्या?"

"अकरा, साहेब."

विजयकरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "अकराही एकशे पाचवरच आलं ना?" त्यांनी विचारलं. मिशीच्या कडेला काहीतरी हललं असं कोंडीरामला वाटलं.

छत्तीस खुंट्यांचा तक्ता तयार झाला. विजयकरांनी स्वतःच्या अक्षरात त्याची प्रत करून वर पाठवली: कुंपणामुळं पूर्वेकडच्या दिशा चार ते पाच डिग्र्या चुकत आहेत, तार तोडायला परवानगी द्यावी. मे गेला, जून गेला, जुलै गेला. वरून उत्तर नाही. तक्ता खोलीत चाकाशेजारी खिळ्याला टांगून ठेवला होता. नियम मात्र स्पष्ट होता: चाकावर वाचाल तेच सांगायचं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, हैदराबादेहून येणारं एक मालवाहू डाकोटा विमान बोललं. ढग इतके खाली होते की खोलीतून अँटॉप हिलचा माथाही दिसत नव्हता. वैमानिकाचा आवाज शांत होता, पण जरा जास्तच शांत. विमानातलं दिशा दाखवणारं यंत्र बंद पडलं होतं. वेळेच्या हिशेबानं घाट ओलांडला असावा असं त्याला वाटत होतं. चार हजार फुटांवर होता. दिशा कळली, खाली डोंगर नाही अशी खात्री पटली, तर ढगाखाली उतरून किनारा बघायचा त्याचा विचार होता. विमानात तिघं जण होते.

कोंडीरामनं चाक फिरवलं. आवाज ओसरला, पुसटला, बुजला. एकशे तीन.

एकशे तीन म्हणजे पनवेलकडचा सपाट पट्टा. उतरायला हरकत नाही. त्याची नजर खिळ्याकडं गेली. तक्त्याप्रमाणं चाकावरचे एकशे तीन म्हणजे खरे अठ्ठ्याण्णव. आणि अठ्ठ्याण्णवच्या रेषेवर प्रबळगड उभा होता, तेवीसशे फूट उंच, ढगात बुडालेला.

मागं विजयकर उभे होते. कोंडीरामनं बोलायची कळ दाबली नाही. मान वळवली.

"साहेब, वाचलेला सांगू, की खरा?"

हा प्रश्न विजयकरांना त्यांच्या अख्ख्या नोकरीत कुणी विचारला नसेल. वाचलेला सांगितला आणि विमान आपटलं, तर दोष कुणाचाच नाही; नियमाप्रमाणं झालं. तक्त्याचा सांगितला आणि काही झालं, तर दोघांची नोकरी गेली, वर चौकशी.

"गमरे, तुमच्या तक्त्यावर तुमचा किती भरवसा आहे?"

"तक्ता माझा नाही साहेब, खुंट्यांचा आहे. माझी बायको एकेका खुंटीवर उभी राहून गेलीय."

हेडफोनमध्ये वैमानिक पुन्हा विचारत होता.

"खरा सांगा," विजयकर म्हणाले. "आणि लॉगबुकात माझं नाव लिहा."

कोंडीरामनं कळ दाबली. त्याच्या इंग्रजीला दापोलीचा वास होता, पण आकडे स्वच्छ होते. "अठ्ठ्याण्णव. दुसरा वर्ग. याच रेषेवर डोंगर आहे. उंची सोडू नका."

पलीकडं खरखर. मग वैमानिक म्हणाला, "माझ्या हिशेबानं मी डोंगराच्या दक्षिणेला आहे."

"अठ्ठ्याण्णव," कोंडीराम पुन्हा म्हणाला. "उंची सोडू नका."

चार सेकंद, पाच सेकंद. तो माणूस कुठं आहे हे कोंडीरामला कळत होतं, पण त्याचं मन कुठं आहे हे कळायला चाक नव्हतं. मग उत्तर आलं: "ठीक. चार हजारांवर राहतो."

दर मिनिटाला तो बोलायचा, कोंडीराम चाक फिरवायचा. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या मिनिटाला वैमानिक बोलता बोलता अर्ध्यातच थांबला. नुसती इंजिनांची घरघर येत राहिली. विजयकरांनी कोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. सात वर्षांत त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता.

मग आवाज आला. आता त्यात ती ओढूनताणून आणलेली शांतता नव्हती. ढगाला खाली एक भगदाड पडलं होतं. "माझ्या थेट खाली कडा आहे," तो म्हणाला. "काळा कडा. त्याच्यावरून पाणी पडतंय. दिसतंय मला. मी इथं उतरणार होतो."

कोंडीरामनं आकडा लॉगबुकात लिहिला. कुठल्या तरी मिठागराच्या कडेला बसून, चिखलातल्या लाकडी खुंट्यांच्या जोरावर, त्यानं बावीस-तेवीस मैलांवरच्या न दिसणाऱ्या माणसाच्या पायाखालचा डोंगर ओळखला होता. आणि डोंगर तिथंच निघाला होता. हे आपण केलं असं त्याला मुळीच वाटलं नाही. जगच असं बांधलेलं आहे, की सरळ रेष सरळच जाते, ढगातून, पावसातून, माणसांच्या भांडणातून. आपण फक्त तिच्या आड आलेली तार ओळखली, असं काहीसं त्याला वाटलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि हात मात्र चाकावर अगदी स्थिर होते.

त्यानं विमानाला रेषेवर धरून ठेवलं. दहा मिनिटांनी घरघर खोलीच्या छपरावर आली. चाक कुठंही नेलं तरी आवाज सारखाच. बुजायला जागाच उरली नाही. विमान बरोबर डोक्यावर होतं. तिथून पुढं विमानतळावरच्या माणसांनी ते ताब्यात घेतलं आणि समुद्रावर नेऊन खाली उतरवलं. त्या वैमानिकाला कोंडीरामनं कधी पाहिलं नाही. लॉगबुकात तीन ओळी आहेत, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयकर पक्कड घेऊन आले. परवानगी आली नव्हतीच. त्यांनी बाह्या दोनदा दुमडल्या आणि दोघांनी मिळून कुंपणाची तार आठ जागी तोडली. मधे लाकडाचे ठोकळे घालून टोकं बांधली. कुंपण दिसायला होतं तसंच राहिलं, पण आता तारेत काही गोल फिरू शकत नव्हतं. विजयकरांचे तळवे रक्ताळले. रविवारी राधा पुन्हा पेटारा घेऊन छत्तीस खुंट्या फिरली. कुठंही एक डिग्रीपेक्षा जास्त फरक आला नाही. वरचं उत्तर नोव्हेंबरात आलं. कुंपणाच्या तक्रारीचा यथावकाश विचार करण्यात येईल, असं त्यात होतं. विजयकरांनी ते फायलीत लावलं.

मधल्या काळात ऑक्टोबरात कोंडीराम आणि राधा चाळीतल्या सगळ्यांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. डिसेंबरात बाबासाहेब गेले. त्यांचा देह दिल्लीहून विमानानं आणला तेव्हा कोंडीरामची पाळी नव्हती. तो राधाबरोबर लाखो माणसांत उभा होता आणि आभाळातून आवाज येतो का ते ऐकत होता. पुढं कधी तो विषय निघाला की तो उठून गॅलरीत जाई.

तीन वर्षांनी ठाणं बंद झालं. नव्या तऱ्हेचं यंत्र आलं होतं. त्यात माणसाला चाक फिरवायला नको. जमिनीवरचा खांब चहूकडं अशा लाटा सोडायचा, की विमानातली सुई आपली आपण दिशा दाखवायची. पण ती सुई खरं बोलते का, हे कुणीतरी विमानात बसून तपासायला हवं होतं. विजयकरांनी नाव सुचवलं, आणि १९६० च्या फेब्रुवारीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, कोंडीराम गमरे पहिल्यांदा विमानात बसला.

तासभर विमान खांबाभोवती मोठा गोल घेत फिरलं. मांडीवर कागद, समोर सुई. खाली ठरलेली खूण आली की कॅप्टन हाक मारायचा, कोंडीराम सुई वाचायचा, फरक लिहायचा. अर्धी डिग्री. एक. पाव. हळूहळू सुई वळत होती, कुणी न फिरवता, आणि तो तिच्यावरून नजर काढत नव्हता. शेवटची खूण झाल्यावर त्यानं मान वर केली. खाली ऊन पडलं होतं. परळ-लालबागच्या चिमण्या काड्यांसारख्या उभ्या होत्या, त्यांच्या पलीकडं मिठागरं आरशासारखी चमकत होती, आणि पूर्वेला निळ्या कडांचे डोंगर, एकामागं एक, जिथं असायला हवे तिथंच.

"झालं?" कॅप्टननं मागं वळून विचारलं.

"आणखी एक फेरी घेता येईल का, साहेब? दक्षिणेकडचे आकडे माझे नीट आले नाहीत."

ते खोटं होतं. आकडे सगळे नीट आले होते.

कॅप्टननं त्याच्या कागदाकडं बघितलं, मग त्याच्या चेहऱ्याकडं, आणि विमान पुन्हा वळवलं.